दूर देशी गेलेली आई

(पॉडकास्टच्या या भागातल्या बोलण्याचं शब्दांकन. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मला मंडळीत बोलायची सवय आहे, पण अशी एकटीने मायक्रोफोनसमोर बसून बोलायची नाही. म्हणजे खरं सांगायचं तर पूर्वी होती. ते पुढे सांगते. आज विषय दिलाय आई-वडील आणि मुलांची ताटातूट, आणि परत एकत्र येणं. मी नर्स होते. तेहेतीस वर्षं नोकरी केली, त्यातली जवळजवळ नऊ वर्षं कुवेतमध्ये. त्या नऊ वर्षांत माझी लेक नगरला होती, तिच्या आजीजवळ आणि वडिलांजवळ. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. आमच्या तोंडात अजून नगरच येतं, तर तसंच म्हणते.

ही गोष्ट मी मंडळीत साक्ष म्हणून एकदा सांगितलेली आहे. ती मी चुकीची सांगितली होती. म्हणून आज परत सांगते.

१९९४ साली आमच्यावर कर्ज होतं. आमचं स्वतःचं नव्हतं. माझे मिस्टर एमआयडीसीत कामाला, भिडस्त माणूस. एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिले. मित्र गाव सोडून गेला आणि नोटीस आमच्या दारात आली. व्याजासकट एक लाख ऐंशी हजार. तेव्हा मला खासगी दवाखान्यात जो पगार होता, त्यात ते फेडायला जन्म गेला असता. माझ्यासोबत शिकलेल्या दोघी-तिघी आखातात गेल्या होत्या. युद्धानंतर कुवेतमध्ये नर्सेस हव्या होत्या. मुलाखत झाली, निवड झाली. लेक तीन वर्षांची होती.

निघायच्या आदल्या रात्री घरी प्रार्थना झाली. पाळकसाहेब आले होते. त्यांनी हन्नाची गोष्ट वाचली. तुम्हाला माहीत आहे, १ शमुवेलच्या सुरुवातीलाच आहे. मूल होत नाही म्हणून हन्ना मंदिरात रडते, नवस करते, तिला मुलगा होतो, आणि दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला नेऊन एली याजकाच्या हवाली करते. पाळकसाहेब म्हणाले, हन्नाने मूल देवाच्या हाती सोपवलं, तू पण सोपव. मला फार धीर आला. त्या धीरावर मी विमानात बसले. नऊ वर्षं त्या धीरावरच काढली म्हणा ना.

पण हन्नाच्या गोष्टीत एक बारीक वाक्य आहे. त्या रात्री कोणी त्यावर बोललं नाही. दरवर्षी हन्ना नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला शिलोला जायची, तेव्हा शमुवेलासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. दरवर्षी. आता मला सांगा, जे मूल वर्षभर डोळ्यांसमोर नाही, त्याच्या झग्याचं माप ती कशी घेत असेल? शेजारच्या पोरांकडे बघत असेल. "याच्याएवढाच आहे माझा," म्हणत असेल. थोडं सैल शिवत असेल. मी तेच केलं. कुवेतच्या बाजारात फ्रॉक घेताना दुकानातल्या कुठल्याही मुलीला उभं करून बघायचे. आमच्या वॉर्डातल्या एका मल्याळी सिस्टरची मुलगी तिथे होती, तिच्या पाठीला फ्रॉक लावून बघायचे. कोणी गावी निघालं की त्यांच्या सामानात देऊन पाठवायचे. आणि दर वेळी सासूबाईंचा निरोप यायचा, "आखूड झाला." कधी म्हणायच्या, "चालेल, उसवून लांब करते."

दर वेळी आखूडच. सैल एकदाही झाला नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. माझ्या मनातली मुलगी वाढतच नव्हती.

फोनचं तेव्हा असं होतं की आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्यांचा पी.पी. नंबर. कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी, आणि उपासनाही शुक्रवारीच. मी उपासनेहून आले की संध्याकाळी सहाला फोन लावायचे. तिथले सहा म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. तीन मिनिटं. पहिलं मिनिट मिस्टरांशी हिशेबाचं, दुसरं सासूबाईंशी तब्येतीचं, आणि तिसऱ्या मिनिटाला लेकीच्या हातात रिसीव्हर. ती बोलायचीच नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. मी "बाळा, बोल ना, बोल ना" करत राहायचे आणि वेळ संपायची.

म्हणून मी कॅसेट भरायला लागले. आखातात तेव्हा पुष्कळ लोक हे करायचे. कोरी कॅसेट घ्यायची, टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, आणि पत्रासारखं बोलायचं. म्हणून मघाशी म्हटलं, एकटीने बोलायची मला पूर्वी सवय होती. मी त्यात गोष्टी सांगायचे. नोहाचं तारू, दावीद, योना. शेवटी झोपतानाची प्रार्थना. सासूबाई रोज रात्री तिला ती लावून द्यायच्या.

मी नोकरीला होते ते नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात. कमी दिवसांची बाळं. किलोभराची, कधी त्याहूनही कमी. काचेच्या पेटीत. दुसऱ्यांची बाळं मी रात्र-रात्र सांभाळायची आणि माझं तिकडे. ही गोष्ट मनात आली की मी लगेच कामाला लागायचे, कारण विचार केला असता तर हात चालले नसते.

आता ती साक्ष. २००३ साली मी परत आले. त्या वर्षी मार्चमध्ये इराकवर हल्ला सुरू झाला. कुवेतवरही क्षेपणास्त्रं आली, सायरन वाजायचे, दवाखान्यात आम्हाला मास्क वापरायचं शिकवलं होतं. घरी सगळे घाबरले. लेक तेव्हा बारा वर्षांची. फोनवर म्हणाली, "आजी विचारतेय, कधी येणार." "मी विचारतेय" नाही म्हणाली. मे महिन्यात मी राजीनामा देऊन आले. मुंबईला विमानतळावर तिघं घ्यायला आले होते. मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं. एवढंच. पाहुण्या बाईने गालाला हात लावला की मूल कसं उभं राहतं, तशी उभी होती.

पुढची चार वर्षं आम्ही एका घरात राहिलो. भांडणं नव्हती. ती हुशार, घरकामात चुणचुणीत, मला "मम्मी" म्हणायची, सांगितलेलं ऐकायची. पण काही दुखलं-खुपलं की आजीच्या खोलीत जायची. मी पहिल्याच आठवड्यात हौसेने भेंडी केली. ती जेवली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, तिला भेंडी चालत नाही. लहानपणापासून." नऊ वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

२००७ मध्ये मंडळीत साक्षीची संध्याकाळ होती. मी उभी राहिले. म्हटलं, आमच्यावर कर्ज होतं, प्रभूने मार्ग दाखवला, कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली, मी हन्नासारखं माझं लेकरू त्याच्या हाती सोपवलं आणि त्याने ते सांभाळलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी. आमेन, आमेन. लेक तिसऱ्या बाकावर होती. सोळा वर्षांची.

घरी चालत येताना ती म्हणाली, "मला देवाने नाही सांभाळलं. आजीने सांभाळलं." मी म्हटलं, "अगं, आजीच्या हातून देवानेच ना." ती थांबली. म्हणाली, "आणि कर्ज नव्व्याण्णवलाच फिटलं होतं."

मी गप्प झाले.

झालं होतं असं, की अकरावीच्या प्रवेशासाठी तिने ट्रंकेतून कागद काढले होते. त्यात पतसंस्थेचा बेबाकी दाखला होता. तारीख १९९९ ची. तिने तो वाचला आणि परत ठेवून दिला. कोणाला बोलली नाही. माझी साक्ष ऐकेपर्यंत.

तर ही खरी गोष्ट. पहिली पाच वर्षं मी कर्जासाठी गेले होते. पुढची चार वर्षं मी राहिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मिस्टर म्हणाले होते, आता ये. मी म्हटलं, घरावर स्लॅब पडू दे. मग म्हटलं, एक प्लॉट होऊ दे. मग तिच्या शिक्षणाचं होऊ दे. आणि, हे सांगायला लाज वाटते पण सांगते, तिथे मला मान होता. माझ्या हाताखाली सहा नर्सेस होत्या. डॉक्टर मला विचारायचे. नगरला परत येऊन मी पुन्हा कोण होणार होते? हे सगळं मी "देवाची इच्छा" या दोन शब्दांत गुंडाळलं होतं. इतकं घट्ट गुंडाळलं की मलाच आत काय आहे ते दिसेना.

गरजेपोटी दूर जाणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. ज्यांना जावं लागतं त्यांनाच ते माहीत. मी बोलतेय ती गरज संपल्यानंतरच्या काळाबद्दल. त्या काळाला आपण गरजेचंच नाव देत राहतो. मूल मात्र तारखा बघतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की तिची माफी मागायची. मनात वाक्यं जुळवली. "मला माफ कर, पण तू समजून घे, तेव्हा परिस्थिती..." असं. मग पवित्र शास्त्र उघडलं. लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शब्बाथशाळेत मी तो किती वेळा शिकवला असेल. प्रत्येक वेळी शिकवताना मी कोण असायचे? बाप. वाट बघणारा, धावत जाऊन गळ्यात पडणारा. आपण आई-वडील स्वतःला त्या गोष्टीत नेहमी बापाच्याच जागी बसवतो. जागा चांगली आहे ना ती.

त्या सकाळी मला पहिल्यांदा दिसलं, की आमच्या घरात दूर देशी कोण गेलं होतं? मी. मी पैसे उधळले नाहीत, उलट पाठवले. पण दूर देशी मीच गेले होते. आणि घरी कोण राहिलं होतं? ती. आजीचे पाय चेपत, वडिलांचा डबा भरत, शाळेच्या पालकसभेला वडील नाहीतर आजीला घेऊन जात. त्या गोष्टीत घरी राहणारा एक जण आहे, थोरला भाऊ. आपण त्याला नेहमी कडू, हिशेबी म्हणतो. पण बघा, तो रागावलाय कशावर? गेलेला परत आला म्हणून वाजंत्री लागलीय, आणि इतकी वर्षं शेतात राबणाऱ्याला कोणी साधं बोलवायलाही गेलेलं नाही. त्याला बातमी चाकराकडून कळते. माझी साक्ष म्हणजे तीच वाजंत्री होती. आणि तिसऱ्या बाकावर माझी थोरली बसली होती.

अजून दोन गोष्टी त्या सकाळी दिसल्या. एक म्हणजे, परत येणारा मुलगा वाटेत जे वाक्य तयार करतो, त्यात "पण" नाही. दुष्काळ पडला होता, मित्रांनी फसवलं, वय लहान होतं, यातलं काही नाही. मी पाप केलं, एवढंच. आणि दुसरी म्हणजे, बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी रस्त्यावर, आणि एकदा थोरल्यासाठी अंगणात. थोरला आत येत नाही म्हणून बाप जेवण सोडून बाहेर येतो आणि त्याचा राग उभ्याने ऐकून घेतो. पुढे थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "कर्ज नव्व्याण्णवला फिटलं होतं. पुढची चार वर्षं मी माझ्या मर्जीने राहिले. मी मंडळीत खोटं बोलले. मला माफ कर." एवढंच बोलले. "पण" जिभेवर आला होता, गिळला. तुम्हाला वाटेल आता ती गळ्यात पडली असेल. नाही. ती म्हणाली, "बरं." आणि अभ्यासाला बसली.

मग महिना-दीड महिन्याने, भांडी घासता घासता, एकाएकी म्हणाली, "तुला माहितीये, त्या कॅसेटी मी तिसरीपासून ऐकणं सोडलं होतं." मी विचारलं का. म्हणाली, "त्यात तू कायम मी चार वर्षांची असल्यासारखं बोलायचीस. मी नऊ वर्षांची झाले तरी तू म्हणायचीस, दूदू पिऊन झोप. मला वाटायचं, ही दुसऱ्याच कुठल्या मुलीशी बोलते. आजी कॅसेट लावायची आणि मी कानावर उशी घ्यायची."

म्हणजे फ्रॉकसारखंच. आवाजही आखूड झाला होता.

मी तिथे उभी राहून ऐकलं. त्या दिवशी ती तासभर बोलली. पाळी आली तेव्हा काय झालं, पालकसभेत बाकीच्या मुली काय म्हणायच्या, नाताळात करंज्या करताना सासूबाई माझ्या नावाची एक करंजी बाजूला काढायच्या आणि ती हिला कशी आवडायची नाही. मी मध्ये बोलले नाही. माझं अंगण म्हणजे ती मोरी होती.

मला माझ्या कामातली एक गोष्ट सांगायचीय, कारण ती मी इतकी वर्षं इतर आयांना शिकवत होते आणि स्वतःला लावली नाही. कमी दिवसांचं बाळ महिना-दीड महिना काचेत राहतं. आई बाहेरून बघते. मग बाळ चांगलं होतं, आणि घरी न्यायची वेळ येते, तेव्हा ती आई आनंदाने उडी मारते का? बहुतेक वेळा ती घाबरते. हात लावायला घाबरते. तिला वाटतं, याला माझ्यापेक्षा सिस्टरच चांगल्या ओळखतात. आणि ते खरंही असतं. म्हणून आम्ही एकदम बाळ हातात देत नाही. आधी पेटीच्या भोकातून नुसता हात ठेवायचा, हलवायचा नाही. मग छातीशी धरायचं, आधी थोडा वेळ, मग जास्त. मग दूध पाजायला शिकायचं, लंगोट बदलायला शिकायचं, सिस्टर शेजारी उभी असताना. मग कुठे डिस्चार्ज. आणि आम्ही आईला सांगायचो, बाळाने तोंड फिरवलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला एका वेळी तेवढंच सोसतं.

शेकडो आयांना मी हे सांगितलं असेल. आणि माझ्या लेकीकडून माझी अपेक्षा काय? विमानतळावर पहिल्याच मिनिटाला डिस्चार्ज.

ताटातुटीची ही जखम आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. त्याच वर्षी माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. मनोरमा सुरुवातीला त्यांच्याबरोबर होती, नंतर त्यांनी तिला इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठवलं. पाच वर्षांची पोर. रमाबाई अमेरिकेत फिरून इथल्या विधवांसाठी मदत उभी करत होत्या, आणि त्यातूनच १८८९ साली शारदा सदन सुरू झालं. तो पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेलाय. त्यात मनोरमेला कसं वाढवावं, तिचा धर्म कसा घडवावा, यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात किती ओढाताण झाली ते दिसतं. मूल दुसऱ्याच्या घरात वाढत असेल तर ही ओढाताण येणारच. पुढे मनोरमा आईच्या कामात उजवा हात झाली. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली, आणि रमाबाई १९२२ मध्ये. एवढी मोठी बाई, शास्त्राचं भाषांतर करणारी, पण माझ्या मनात त्यांचं चित्र येतं ते पाच वर्षांच्या पोरीला बोटीवर निरोप देणाऱ्या आईचं.

आणि आमच्या नगर भागाच्या लक्ष्मीबाई टिळक. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. दत्तू लहान होता, तो आईजवळ. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते सगळं ठाऊक आहे. मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? दोघं परत एकत्र राहायला लागले म्हणजे सगळं मिटलं, असं त्या कुठेही दाखवत नाहीत. आल्या तेव्हा त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच आल्या. टिळकांनी ते चालू दिलं. मनं हळूहळू बदलत गेली, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. एका छताखाली येणं ही सुरुवात होती.

शास्त्रातही तसंच आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहतो. मरीया आणि योसेफ तीन दिवस शोधतात. मंदिरात सापडतो. आई विचारते, असं का केलंस. तो उत्तर देतो, आणि लूक सरळ लिहितो की ते उत्तर त्यांना समजलं नाही. मूल सापडलं, पण समजलं नाही. तरी ते त्याला घेऊन नासरेथला गेले आणि मरीयेने सगळं मनात ठेवलं. माझी लेकसुद्धा मी आले तेव्हा बारा वर्षांचीच होती. मला वाटायचं, सापडली म्हणजे समजली.

आणि हन्ना. मी आता हन्नाची गोष्ट वेगळी वाचते. तिने शमुवेलाला ज्या घरात ठेवलं, ते घर काही फार चांगलं नव्हतं. एलीची दोन्ही मुलं, होफनी आणि फिनहास, वाया गेलेली, यज्ञाचं मांस ओरबाडणारी. त्या घरात तिचं लेकरू निजत होतं. देवाने त्याला सांभाळलं, हे मी मानते. माझ्या लेकीलाही सांभाळलं, तेही मानते. पण ते म्हणायचा पहिला हक्क तिचा आहे, माझा नाही. मी निघून जायचं आणि वर मीच जाहीर करायचं की देवाने सांभाळलं, हे बरोबर नाही. सांभाळलेल्याने ते सांगावं. आणि सासूबाईंचं नाव घेऊन सांगावं. २०११ मध्ये सासूबाई प्रभूकडे गेल्या. अंत्यविधीला लेक बोलली. म्हणाली, "देवाने मला आजीच्या रूपाने सांभाळलं." तेच वाक्य. माझ्या तोंडात ते खोटं होतं, तिच्या तोंडात खरं झालं. कबरस्तानातून परत येताना तिने माझा हात धरला. बारा वर्षं झाली होती त्या दाखल्याच्या तारखेला, आणि आठ वर्षं मला परत येऊन.

आता आजच हे का सांगतेय. लेक पुण्यात नोकरी करते. तिला एक दीड वर्षाचा मुलगा आहे. तिच्या कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. मूल नेता येणार नव्हतं. तिने मला विचारलं, "मम्मी, जाऊ का?" तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देणार? जा म्हटलं तर माझं जुनं पाप मी तिच्या हातात देते. जाऊ नको म्हटलं तर मी माझ्या अपराधाच्या दोरीने तिला बांधते. मी म्हटलं, "मला यातलं सांगायचा अधिकार नाही. पण गेलीस तर तारीख ठरवून जा. आणि ती तारीख आली की गरजेला नवं नाव देऊ नकोस." ती आणि जावई दोघांनी विचार केला, प्रार्थना केली. ती गेली. चौथा महिना चालू आहे. नातू माझ्याजवळ आहे, मी पुण्याला राहायला आलेय. परतीचं तिकीट तिने जायच्या आधीच काढलं. ते छापून आम्ही फ्रिजवर लावलंय.

दर रविवारी उपासनेहून आलो की मी नातवाला दाराच्या चौकटीशी उभा करते. पेन्सिलने रेघ मारते. टेपने छाती मोजते, पायाचं माप घेते, आणि ते तिला पाठवते. नवीन किती शब्द आले, काय खायचं बंद केलं, कशाला घाबरतो, ते सगळं सांगते. मागच्या आठवड्यात सांगितलं की त्याला आता "चिऊताई" नको, त्याला "ट्रक" हवाय. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिने ट्रकची गोष्ट सांगितली. तो मोबाईलला चिकटून बसला होता. मी बाजूला भाजी निवडत होते. मला सासूबाईंची फार आठवण आली. त्या बिचाऱ्या फ्रॉक उसवून लांब करत बसल्या. मी माप मागितलंच नाही, म्हणून त्यांनी दिलं नाही.

ज्यांना मुलांपासून लांब राहावं लागतंय, नोकरीसाठी, वसतिगृहामुळे, कोर्टामुळे, कशामुळेही, त्यांना मी एवढंच सांगेन: माप मागत जा. मूल जिथे आहे, जेवढं झालंय, तेवढ्याशी बोला. आणि परत याल तेव्हा वाजंत्रीची अपेक्षा ठेवू नका. अंगणात जावं लागेल. तिथे जे ऐकायला मिळेल ते उभ्याने ऐका.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू दोन्ही लेकरांसाठी घराबाहेर येणारा बाप आहेस. आज जी आई दूर आहे तिला परतीची तारीख दे, आणि ती पाळायचं बळ दे. जे लेकरू घरी थांबलंय त्याचा राग ऐकायला आम्हाला कान दे. ज्या आज्या, मावश्या, आत्या दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवतात, त्यांचे हात आशीर्वादित कर. आणि आमच्या तोंडी तुझं नाव येईल तेव्हा ते काही झाकायला येऊ देऊ नकोस. येशूच्या नावाने मागते. आमेन.